शेवटचा एक

सासूबाई बॅग घेऊन दारात उभ्या होत्या. बहिणीकडे आठवडाभर राहायला जाण्याचा त्यांचा बेत यजमानांच्या कुठल्या ना कुठल्या शिंकेपायी दरवेळी मोडत आला होता. आज गाडी सांगितली होती, ती निघालीही होती, आणि नेमका तेव्हाच सासऱ्यांनी काखेतून थर्मामीटर काढला.

हा थर्मामीटर जावयाच्या कंपनीतला. मोजलेलं तापमान पडद्यावर आकड्यांत उमटवण्याचा प्रोग्रॅम जावयाचा. कौतुकाने त्याने एक नमुना घरी आणला होता. इतकी मोठी चूक त्याच्या प्रोग्रॅममध्येही नव्हती.

"ताप आहे," सासरे म्हणाले.

पडद्यावर होतं : ९८.६००००००००००००१.

"बाबा, हा ताप नव्हे. कॉम्प्युटरच्या पोटात अपूर्णांक नीट मावत नाहीत, थोडं बाहेर सांडतं. तो शेवटचा एक सोडून द्या."

"जन्मभर जमिनी मोजल्या मी. शेवटचा आकडा सोडला असता, तर लोकांनी मलाच बांधावर पुरलं असतं."

सासूबाईंनी बॅग खाली ठेवली. ते पाहून जावयाने घाईघाईने लॅपटॉप उघडला, थर्मामीटर जोडला आणि दशांश चिन्हापुढचं सगळं उडवून जवळचा पूर्णांक दाखवायला सांगितलं. पडद्यावर ९९ आलं.

"चढला!" सासरे आडवे झाले.

जावयाने पूर्णांक वरचा नको, खालचा घे म्हणून सांगितलं. ९८.

"एका मिनिटात एक अंश उतरला? जीव जातोय की काय माझा?"

शेवटी त्याने दशांशाचं एकच स्थळ ठेवलं. ९८.६. सासऱ्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मघाचा एक कुठे लपवलात, जावईबापू? पेशंटपासून लपवण्याइतकं गंभीर आहे का?"

बाहेर हॉर्न वाजला.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आकडे कशाला दाखवता? त्यांना शब्द दाखवा."

जावयाने दोन मिनिटांत शब्द घातला. सासऱ्यांनी पुन्हा थर्मामीटर लावला. पडद्यावर आलं : 'ठीक'.

"हं! असं छातीठोक सांगावं यंत्राने," सासरे उठून बसले. "अगं, तू अजून इथेच?"

सासूबाई मागे वळूनही न बघता गाडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी जावई अंथरुणातून उठेना. अंग तव्यासारखं तापलेलं, दात वाजत होते. सासऱ्यांनी मायेने त्याच्या काखेत थर्मामीटर लावला, वाचला आणि पांघरूण ओढून काढलं.

"उठा. ठीक आहे तुम्हाला. आज स्वयंपाक तुमच्याकडे आहे."

"बाबा, ते काहीही मोजलं तरी ठीकच म्हणतं," जावई कण्हला. "घाईत मी तसंच लिहिलंय."

"तुम्ही स्वतः लिहिलंय?"

"हो."

"मग तर," सासऱ्यांनी त्याची पाठ थोपटली, "शंकेला जागाच नाही."