अठ्ठ्याहत्तरावा पत्ता

दुष्काळात ड्रम विकणाऱ्या माणसाला दुःखी चेहरा करायची लई प्रॅक्टिस करावी लागते. उदगीरच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात ताट-वाटीला कुणी हात लावत नव्हतं, पण निळे ड्रम दुकानात टिकत नव्हते. गिऱ्हाईक म्हणायचं, "कसं व्हायचं हो मन्मथअप्पा?" मी उसासा टाकून म्हणायचो, "काय सांगावं! दोनशे लिटरचा देऊ का?"

त्याच उन्हाळ्यात आमच्या पोरीचं, सौदामिनीचं, लग्न, इथंच उदगीरला. पोरगा देगलूरचा. पत्रिका मी आधीच छापून ठेवल्या होत्या, पाचशे. (पाचशेच्या खाली छापखानेवाला मान वर करत नाही.) मग पाणी आटलं आणि व्याही चन्नबसप्पांचा फोन आला.

"माणसं दीडशेच बोलवा. टँकर एकच मिळणार हाय. पंगतीतल्या पाहुण्याला पाणी न्हाई मिळालं तर तुमचंबी नाक जाईल, आमचंबी."

मी शब्द दिला. उरलेल्या पत्रिका कपाटावर पडून राहिल्या.

सौदामिनी पुण्यात नोकरीला. लग्नासाठी आली ती टॅरोचे पत्ते घेऊन. अठ्ठ्याहत्तर पत्ते, त्यातला एक ओढायचा आणि चित्रावरून भविष्य सांगायचं. मी चाळून बघितले. एक माणूस पाय बांधून उलटा टांगलेला, एका मनोऱ्यावर वीज पडलेली.

"अगं, ही चित्रं आपल्या गिऱ्हाइकाला काय कळणार?"

"अप्पा, हे गिऱ्हाइकासाठी न्हाईच."

(हे वाक्य दुकानदाराच्या डोक्यात शिरत नाही.)

मी ठरवलं, आपला टॅरो आपणच काढायचा. ड्रमामागं एक भविष्य फुकट! कागदाचा प्रश्न तर बसल्या जागी सुटला. लग्नाच्या पत्रिका! एकपानी, जाड, मागून कोऱ्या. शिवाय पत्त्यांची पाठ सगळ्यांची सारखी लागते, आणि माझ्या पत्रिका तर तंतोतंत सारख्या; वर महात्मा बसवेश्वरांचं चित्र, भोवती सोनेरी वेलबुट्टी. असली पाठ पुण्याच्या पत्त्यांनाही नव्हती.

पंधरा दिवस स्केचपेन घेऊन बसलो. उलट्या टांगलेल्या माणसाच्या जागी कोरड्या बोअरमध्ये डोकावणारा माणूस काढला. रथाच्या जागी टँकर. ताऱ्याच्या जागी 'नवा जिल्हा'. उदगीर जिल्हा होणार, हे मी मिसरूड फुटल्यापासून ऐकून राहिलोय. ताऱ्यासारखंच, रोज दिसतो, हाताला लागत नाही. एकच पत्ता काही जमेना, 'मूर्ख'. खांद्यावर गाठोडं, नजर आभाळाकडं, पुढं कडा आणि मागं कुत्रं. म्हटलं, असा माणूस आपल्या भागात कुठं बघायला मिळतो? सोडून दिला. सत्त्याहत्तर भरले.

नवी वस्तू हळद-कुंकवाशिवाय वापरायची नाही, ही आमच्या घरची रीत; मग तो तराजू असो की टॅरो. सगळ्या पत्त्यांच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं आणि धंदा सुरू केला.

पहिली नीलाबाई. तिनं नेमका टँकर ओढला. "पाणी येणार तुमच्या दारात!" मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी खरंच आलं. (तो मंगळवार होता. त्यांच्या गल्लीत टँकर मंगळवारीच येतो.) माझा बोलबाला झाला. ज्याचं नशीब त्यानंच न्यावं म्हणून मी पत्ता दोन्ही हातांनी देऊन टाकायचो. लोक पाठ निरखून बघत, कपाळाला लावत, हात जोडून जात. काय हा माझ्या विद्येवरचा विश्वास! महिन्याभरात सगळे पत्ते संपले.

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा सिद्धराम दुकानात आला. हे माझं ड्रमाचं जुनं गिऱ्हाईक.

"अप्पा, एक इचारायचं होतं. आमी दोघं भाऊ येगळे राहून राहिलो. दोघांकडंबी तुमचं निमंत्रण हाय. एका गाडीत आलो तर चालंल का?"

"कसलं निमंत्रण?"

"घ्या! सोता दोन्ही हातांनी दिलं की. हळद-कुंकू लावून!"

त्यानं खिशातून पत्ता काढला. एका अंगाला माझा कोरडा बोअर. दुसऱ्या अंगाला, 'सहकुटुंब सहपरिवार येऊन वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत.'

मला ड्रमावरच बसावं लागलं. सत्त्याहत्तर घरं, सहकुटुंब! आणि कुंकू लावलेलं निमंत्रण माघारी मागणारा माणूस अजून मराठवाड्यात जन्मायचा आहे.

घरी जाऊन बायकोला, महानंदाला, सांगितलं. ती शेवया मोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ज्याच्या घरी पत्ता गेला, त्याच्या घरी ड्रमबी गेलाय ना?"

"हाव."

"मग त्यास्नी सांगा, आहेर नको. येताना घागरभर पाणी आणा."

"पाहुण्यांना असं सांगायचं? लाज न्हाई वाटणार?"

"पंगतीत पाणी न्हाई म्हणताना वाटंल त्यापेक्षा कमीच वाटंल."

सिद्धरामनं दोन दिवसांत गावभर निरोप फिरवला.

लग्नाच्या दिवशी मांडवासमोर घागरी, कळशा, कॅन आणि माझेच निळे ड्रम घेऊन माणसं उतरू लागली. नीलाबाईनं तर डोक्यावरून हंडा आणला. टँकरला हात लावायची वेळ आली नाही. माणसं साडेचारशे जेवली आणि प्रत्येकाच्या तांब्यात पाणी होतं. चन्नबसप्पांचे डोळे भरून आले.

"व्याही, पाण्याचा आहेर! आमच्या देगलुरात असं कुणी केलं न्हाई. कुणाची ही कल्पना?"

मी टॉवेल-टोप्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन पाहुण्यांकडं निघालो होतो. महानंदा चार पावलांवर उभी होती. पण माणसाला मोह आवरत नाही. मान वर करून, आभाळाकडं बघत मी म्हणालो, "आता माझ्या तोंडानं काय सांगू," आणि नम्रपणानं पुढं पाऊल टाकलं.

पुढं ताटं धुवायला खणलेला खड्डा होता.

वाजंत्री थांबली. मी खड्ड्यातून वर बघितलं तर स्टेजवर नवरी पोट धरून हसत होती.

"अप्पा! राहिलेला पत्ता सापडला!"

फोटोग्राफर चलाख निघाला. नेमका पाय उचललेला क्षण त्यानं पकडला: खांद्यावर गाठोडं, नजर वर, पुढं खड्डा, मागं मांडवातलं कुत्रं. सौदामिनीनं तो फोटो पत्त्याच्या आकारात करून देगलूरहून पाठवला. आता तो गल्ल्यामागं लावलाय. नवं गिऱ्हाईक विचारतं, "अप्पा, ह्या पत्त्याचा अर्थ काय?" मी काही बोलायच्या आत महानंदा आतून ओरडते, "नीट बघा, कुत्रं काठावरच थांबलंय!"