सॅनिटायझरवर चालणारी गाडी

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण मुलुंडच्या जयंती खानोलकरांच्या बाबतीत अगदी शब्दशः खरी ठरली. फरक इतकाच, की घोड्याला चार चाकं होती. त्यांच्या लेकीच्या, गंधालीच्या सासऱ्यांनी कर्जतचं रिसॉर्ट बंद केलं आणि पर्यटकांना चिखलातून फिरवणारी टू-स्ट्रोक क्वाड बाईक ‘मार्तंडरावांना यंत्रांची हौस आहे’ म्हणून टेम्पोत घालून पाठवून दिली. ती रस्त्यावर चालवायला परवानगी नव्हती आणि मुळात ती चालूच होत नव्हती. जयंतीबाईंच्या नवऱ्याने, म्हणजे मार्तंडरावांनी, तिला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात नंबरात उभं केलं.

ती जागा मिळायला जयंतीबाईंना अकरा वर्षं लागली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीन इन्स्ट्रक्टरना रडवून, त्यांनी लायसन्स काढलं होतं आणि एक छोटी लाल गाडी बुक केली होती. अक्षय्य तृतीयेला ती येणार होती.

“विकून टाका हो ती क्वाड,” असं त्या रोज म्हणत.

“चालू झाली की विकतो,” असं मार्तंडराव रोज म्हणत.

गुरुवारी मार्तंडराव लॉबीतली नोटीस वाचून वर आले ते चेहरा पाडूनच. “रविवारी दहाला कमिटी पार्किंग तपासणार. गाडी बंद दिसली की जागा गेली.”

रोज सकाळच्या ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांना वैतागून जयंतीबाईंनी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप कधीच सोडला होता, त्यामुळे नवरा सांगेल ती बातमी. “मग बसलात काय? पेट्रोल भरा आणि करा चालू!”

“पेट्रोल नाही, अल्कोहोल,” मार्तंडरावांचे डोळे चमकले. “अगं, सरकार पेट्रोलमध्ये वीस टक्के घालतंय, मी शंभर टक्के घालतो. इंजिन थंड राहतं, ताकद वाढते. व्हिडिओ बघितलाय मी.”

“आणि ते आणणार कुठून?”

“गच्चीवरच्या खोलीत लॉकडाऊनमधले सॅनिटायझरचे आठ कॅन पडलेत. पातळ, स्प्रेवालं. सेक्रेटरी म्हणाला, उचला आणि मला मोकळं करा.”

अल्कोहोल पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट लागतं, म्हणून कार्बोरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या पितळी जेटचं भोक वर्कशॉपमधून मोठं करून आणलं गेलं. असल्या इंजिनात वंगण इंधनातच मिसळावं लागतं, म्हणून शुक्रवारी मार्तंडरावांनी नेहमीचं टू-स्ट्रोक ऑइल मिसळून पाहिलं, तर ते सॅनिटायझरशी सोयरीक करायला तयारच होईना. व्हिडिओवाल्याने सल्ला दिला, एरंडेल घाला.

“सहा बाटल्या?” मेडिकलवाल्याने डोळे विस्फारले. “काका, घरात माणसं किती?”

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची नीलम ईसबगोलचा डबा आणि पिकलेली पपई घेऊन दारात हजर. “काकू, लाजायचं काय त्यात? आमच्याकडे पण होतं ना.”

जयंतीबाईंनी कपाळाला हात लावला, ईसबगोल परत केलं आणि पपई ठेवून घेतली.

एरंडेल मिसळायचं, पण ढवळत राहिलं तरच. हात थांबला की दहा मिनिटांत ते तळाशी जाऊन बसायचं, कारण सॅनिटायझरमध्ये पाणीही होतं. मार्तंडराव शनिवारभर चमच्याने ढवळत बसले. शेवटी जयंतीबाईंनाच बघवेना. त्या स्वयंपाकघरातून रवी घेऊन खाली आल्या.

“सरका! तेहतीस वर्षांत कधी वाटीभर ताक केलं असतंत तर घुसळायचं कळलं असतं!”

रविवारी साडेनऊपासून त्या पार्किंगमध्ये पातेलं पायात धरून घुसळत होत्या. दंड भरून आले होते आणि सासरच्या साऱ्या कुळाचा उद्धार करून झाला होता. सेक्रेटरी चंद्रप्रकाश रजिस्टर घेऊन लिफ्टबाहेर आले, तसं मिश्रण टाकीत ओतलं गेलं. मार्तंडरावांनी किक मारली. एक, दोन, पाच. अकराव्या किकला क्वाड खोकली, थरथरली आणि चक्क धडधडू लागली! दवाखान्यात कुणी भजी तळतंय असा वास सगळ्या पार्किंगभर पसरला.

“बंद करा, बंद करा! झकास चालतेय!” नाकाला रुमाल लावून चंद्रप्रकाशनी लिहिलं, ‘सात नंबर : चालू’.

जयंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “वाचली बाई जागा! आता अक्षय्य तृतीयेला माझी लाल गाडी इथेच—”

“तुमची कशी, वहिनी? एका जागेत एकच गाडी. हिची नोंद झाली, आता वर्षभर बदल नाही.”

“आणि ही बंद निघाली असती तर?”

“तर काय? सोसायटीने भंगारात दिली असती. जागा तुमचीच राहिली असती. नोटिशीत ठळक लिहिलंय की. साहेबांनी सांगितलं नाही?”

साहेब एकाएकी मागच्या टायरमधली हवा बघण्यात गढून गेले.

जयंतीबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग क्वाडच्या टाकीकडे.

“भाऊजी, रजिस्टरवर सही झाली?” त्यांनी चंद्रप्रकाशना विचारलं.

“ती शेवटी, सगळ्या गाड्या झाल्या की.”

“मग आधी वर चहाला चला. पपई पण कापते.”

चहा झाला, पपई झाली, चंद्रप्रकाशांच्या गुडघ्यांची चौकशीही झाली. चांगल्या अर्ध्या तासाने सगळे खाली आले, तेव्हा जयंतीबाई म्हणाल्या, “एकदा परत चालू करून बघा ना. नोंद कशी पक्की हवी.”

मार्तंडरावांनी किक मारली. वीस झाल्या, तीस झाल्या. एव्हाना सगळं एरंडेल टाकीच्या तळाशी बसून कार्बोरेटरमध्ये उतरलं होतं. क्वाडने हूं की चूं केलं नाही.

चंद्रप्रकाशनी ‘चालू’वर काट मारली, ‘बंद’ लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. “भंगारवाला मंगळवारी येतो, साहेब.”

“अरे थांब ना यार, पाच मिनिटं दे!” मार्तंडराव काकुळतीला आले. “जयंती, रवी आण ना गं. एकदाच घुसळ, शेवटचं.”

“माझे हात दुखतायत,” असं म्हणून जयंतीबाई सात नंबरची लांबी पावलांनी मोजू लागल्या.