दारावरचा लिंब

"आता डावा पाय," शौनक फोनमधून म्हणाला.

श्रियाने दहा महिन्यांच्या जाईचा डावा पाय फोनसमोर धरला. जाईने तो फोन तोंडात घालायचा प्रयत्न केला.

"घोट्यापाशी लाल काय आहे?"

"पैंजणाचा वळ आहे."

"नक्की?"

"पैंजण काढून दाखवू?"

पुण्यात बसलेल्या शौनकने पैंजणही पाहिला, मग उजवा पाय, मान, कानामागचा भाग. ही तपासणी रोज सकाळी आठला होत असे. जाईला डास चावला की सुपारीएवढी गाठ येई आणि दोन दिवस जात नसे. त्यातून त्यांच्या सोसायटीतल्या एका मुलाला डेंग्यू होऊन तो आठवडाभर दवाखान्यात राहिला होता. तेव्हापासून शौनकचा कुठल्याच गावावर विश्वास उरला नव्हता, आणि भूम तालुक्यातल्या ईट गावावर तर मुळीच नाही. आठ दिवसांसाठी बायकोमुलीला त्याने पाठवले ते एका अटीवर. एक जरी चावा दिसला, तर तो गाडी घेऊन निघणार आणि दोघींना परत नेणार.

"तुमच्या जावयाला सांग," फोन बंद झाल्यावर गोपाळकृष्ण गुरुजी म्हणाले, "की मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलंय. डास हा माझा विषय आहे."

"माझा नवरा आहे तो, अप्पा. जावई तुमचा."

"तेच ते."

माघात श्रियाची आई, शारदाबाई गेल्या. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले होते, चौदाव्या दिवशी रिकामे झाले. त्यानंतर श्रिया आता येत होती, श्रावण संपता संपता. गुरुजींनी आठ दिवसांचा तक्ता करून भिंतीला लावला होता. एक दिवस गेला की त्यावर फुली मारायची. ती मारताना त्यांचा हात जड होई, म्हणून ते फुली बारीक मारत.

डासांविरुद्धची त्यांची तयारी मात्र बारीक नव्हती. पाळण्यावर मच्छरदाणी. जाईला पूर्ण बाह्यांचे झबले आणि पायमोजे. चार वाजले की सगळ्या खिडक्या बंद. कूलर कोरडा करून पालथा घातला, कुंड्यांखालच्या ताटल्या पुसल्या, अंगणातला फुटका माठ उचलला. प्रत्येक गोष्टीपुढे वहीत बरोबरची खूण केली. अंगणाच्या कोपऱ्यातल्या रांजणापाशी ते दोनदा गेले आणि दोनदा परत आले. मग वहीत लिहिले, 'रांजण - झाकण आहे', आणि तिथेही खूण केली.

एवढे करूनही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मच्छरदाणीवर बाहेरून सात डास बसलेले दिसले. गुरुजींनी ते मोजले.

"धुरी करू का? लिंबाचा पाला आणि शेणी," ते म्हणाले.

"अजिबात नको. तिला खोकला होईल."

"मग नुसता पाला? धूर न करता?"

"त्यानं काय होणार?"

"वास येतो. नसण्यापेक्षा बरं."

"बरं, लावा," श्रिया म्हणाली, कारण वडिलांना काहीतरी करायला हवे होते हे तिला दिसत होते.

गुरुजींनी परसातल्या कडुलिंबाच्या फांद्या तोडल्या. खिडक्यांना लहान डहाळ्या खोवल्या. सगळ्यात मोठा, पानांनी गच्च भरलेला डहाळा त्यांनी दाराच्या चौकटीवर बांधला. दूर उभे राहून पाहिला आणि समाधानाने आत गेले.

दाराला लिंब बांधल्याचा अर्थ गावात काय होतो, हे गुरुजींना माहीत नव्हते असे नाही. पण ते खाते शारदाबाईंकडे होते. कुणाच्या दारात कधी जायचे नाही, कुणाच्या घरी फोडणी बंद आहे, कुणाला काय पोचवायचे, हे सगळे त्या बघत. गुरुजींकडे विज्ञान होते.

सकाळी दूधवाल्या उत्तरेश्वरने नेहमीसारखी कडी वाजवली नाही. दुधाचे भांडे फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर ठेवले, चपला काढल्या, दाराकडे बघून हात जोडले आणि मोटरसायकल सुरू न करता वळणापर्यंत ढकलत नेली.

"आज हा एवढा भाविक कशामुळे झाला?" गुरुजी खिडकीतून म्हणाले.

आठ वाजता तपासणी सुरू झाली. डावा हात झाला. उजवा हात झाला. तेवढ्यात फाटकापासून समोरच्या कडूबाईंचा आवाज आला. कडूबाईंचे शेत गावाबाहेर ओढ्यापलीकडे होते आणि घरातल्या माणसांशी त्या शेतात असल्यासारख्याच बोलत.

"गुरुजीऽऽ! लेकराला लई फोड आल्यात का वं?"

फोनमधला शौनक एकदम जवळ आला. "फोड? कसले फोड?"

"काही नाही, त्या कडूबाई..."

"कवा आल्या देवी? काल का परवा?"

श्रियाने फोन पाळण्यात ठेवला आणि बाहेर धावली. "मावशी, देवीबिवी काही नाही, कांजिण्याही नाहीत. डासांसाठी बांधलाय तो लिंब."

कडूबाईंनी घाईघाईने दोन्ही कान धरले. "बाय माझे, न्हाय म्हणू नाय. आलेल्या देवीला न्हाय म्हणलं की कोपत्यात."

"अहो, पण खरंच नाहीत!"

"व्हय, व्हय. न्हाईत. हळू बोल." कडूबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "काल खिडक्या लावल्या व्हत्या, बरं केलंत. लेकरू जाळीत निजवलंय, ते बी बरं केलंत. अंगभर झाकलंय न्हवं?"

श्रिया खरे तेच सांगत होती, तरी प्रत्येक उत्तर कडूबाईंच्याच बाजूला जाऊन बसत होते. शेवटी गुरुजी बाहेर आले.

"कडूबाई, मी शिक्षक माणूस. मी खोटं बोलेन का?"

"न्हाय जी," कडूबाई म्हणाल्या. "पर शारदावैनी असत्या तर तुमाला बोलायची पाळीच आली नसती. त्यांनी पैल्याच दिशी सांगितलं असतं. आता फोडणी घालू नगा. जेवणाचं मी बघते."

 गुरुजी आत आले तेव्हा पाळण्यात जाई फोन चोखत होती आणि फोनमधून शौनक ओरडत होता, "मी निघतोय! मी निघालोय!"

दुपारपर्यंत फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर पाच भांडी जमली. तीन दहीभाताची, एक ताकातल्या कण्यांचे, आणि एका डब्यात बिनफोडणीचे वरण. उत्तरेश्वरच्या घरून खव्याचा गोळा आला. कुणी आत येत नव्हते, पण फाटकापाशी सारखे कुणीतरी उभे असे. चौकशी करणाऱ्याला गुरुजी डासांबद्दल सांगत, आणि तो मान डोलावून विचारी, "तुमचं जेवण झालं का पर?" सहा महिन्यांत एवढ्या वेळा हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी डासांचा भाग गाळला आणि नुसते "झालं" म्हणाले.

शौनक चारच्या सुमाराला पोचला. फाटकात कडूबाईंनी त्याला अडवले, चपला काढायला लावल्या आणि पायांवर लिंबाच्या पाण्याचा तांब्या ओतला. ओल्या विजारीनिशी तो आत आला, जाईला उचलून खिडकीपाशी नेले आणि तिला केसांपासून तळव्यांपर्यंत तपासले. एकही फोड नव्हता, एकही चावा नव्हता. जाईने त्याचा चष्मा ओढला.

"बघितलंत?" गुरुजी म्हणाले. "चौथा दिवस आहे."

"बघितलं, अप्पा. तुम्ही खूप केलंत." शौनक खाली बसला. "पण आता आलोच आहे, तर उद्या सकाळी घेऊन जातो. हवा बरी नाही. किती दिवस नशिबावर राहायचं?"

गुरुजींनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले आणि "चहा टाकतो" म्हणाले. श्रियाने नवऱ्याकडे पाहिले. तो पाहणे टाळत होता.

संध्याकाळी शौनकची ऑफिसची मीटिंग होती. घरात फोनची रेंज मधूनच तुटे. सलग ती फक्त अंगणाच्या कोपऱ्यात, रांजणापाशी येई. शौनकने तिथे बाज टाकली, ओली विजार वाळत असल्याने अर्ध्या चड्डीवर बसला आणि दिवेलागणीचे दोन तास बोलत राहिला. गुरुजींनी दोनदा हाक मारली. "शौनकराव, निदान पायांवर चादर घ्या." त्याने दोन्ही वेळा बोटाने थांबा म्हणून सांगितले.

सकाळी तो दात घासायला अंगणात आला तेव्हा त्याचे पाय, हात, मान आणि एक पापणी लाल गाठींनी भरली होती. फाटकापाशी कडूबाई ताकाची चरवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चरवी खाली ठेवली आणि पदर डोक्यावर घेतला.

"आई गं! लेकराला सोडून बापावर गेल्या!"

"अहो, डास चावलेत!" तोंडातला फेस सांभाळत शौनक ओरडला.

"व्हय बाबा. डासच. तुमी शांत व्हा." आणि त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. मागून येणाऱ्या दोन बायांनीही केला. उत्तरेश्वरने लांबूनच केला. शौनकला आजवर ऑफिसातसुद्धा कुणी एवढा मान दिला नव्हता.

चिडून त्याने आईला फोन लावला, आपण दुपारपर्यंत पोचतो हे सांगायला. पण फोनवर चेहरा दिसत होता, आणि मागे दारावरचा लिंबही.

"शौनक! तोंडावर काय उठलंय तुझ्या? आणि तो लिंब कशाला बांधलाय?" त्याची आई म्हणाली. "हलू नकोस तिथून. देवी असताना प्रवास करतात का? आणि पोरीला तर गाडीत घेऊच नकोस जवळ!"

"आई, हे डास..."

"गप्प बस! नाही म्हणतात का असं?"

शौनकने फोन ठेवला. "श्रिया, बॅगा भर," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

बॅगा निम्म्या भरल्या असताना आरोग्य खात्याची आशाताई शिवकन्या आली. गावात कांजिण्यांचा पेशंट असल्याचे तिच्या कानावर गेले होते. तिने शौनकला उजेडात बसवले, हात पाहिला, पाय पाहिला, पापणी पाहिली.

"ताप?"

"नाही."

"पोटावर, पाठीवर काय?"

"नाही. कपडे होते तिथं काहीच नाही."

शिवकन्या हसायला लागली. "दाजी, हे डास हाइत. पर एका माणसाला इतके म्हंजी घराला लागून कुठंतरी पाणी साठलंय. ताप आला तर लगेच सांगा. गुरुजी, पाणी कुठंय?"

"कुठंच नाही," गुरुजी म्हणाले. "वही दाखवतो."

शिवकन्याने वही पाहिली नाही. ती सरळ रांजणापाशी गेली, लाकडी झाकण सरकवले आणि आत मोबाइलचा उजेड पाडला. झाकणाला बोटभर फट होती. तिने पेलाभर पाणी काढून सगळ्यांसमोर धरले. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, शंभरेक तरी.

"एवढा शिकवायचा विषय तुमचा, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "आमाला शाळेत तुमीच काच-बरणीत दाखवल्या व्हत्या या."

गुरुजी पेल्याकडे बघत राहिले. शौनकने तोंड उघडले. त्याच्याकडे बोलण्यासारखे पुष्कळ होते.

"तो भरलेला आहे," गुरुजी म्हणाले. "म्हणजे, तिनं भरला होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. झाडांसाठी." त्यांनी रांजणाच्या काठावर हात ठेवला. "कमी झालं की मी वरून घालतो. पूर्ण उपसला नाही एवढंच. तळाशी थोडं तिच्या हातचं राहील म्हणून."

 शौनकने तोंड मिटले आणि पापणी खाजवली.

"विज्ञानाच्या दृष्टीनं त्याला काही अर्थ नाही," गुरुजी म्हणाले. "सगळं मिसळून गेलं असणार. मला कळतं. तुम्ही दोघींना घेऊन जा, शौनकराव. चूक माझी आहे."

श्रियाने जाईला फाटकाशी थांबलेल्या कडूबाईंकडे द्यायला हात पुढे केले, पण कडूबाई देवीच्या घरातले मूल घेईनात, म्हणून तिने ते शिवकन्याकडे दिले. मग ती वडिलांजवळ गेली.

"अप्पा, आईनं पाणी झाडांना घालायला भरलं होतं ना?"

"हो."

"मग ते राहिलंच आहे घालायचं."

गुरुजींनी मान डोलावली. शौनकने बादली आणली. रांजण जड होता, एकट्याने कलंडेना, म्हणून सासरेजावई दोघांनी धरला. शेवंतीच्या वाफ्यात आणि जास्वंदीच्या मुळाशी पाणी गेले. शिवकन्या मागून सांगत होती, "कोरड्या मातीत वता, म्हंजी अळ्या जगत न्हाईत." तळाचे तांब्याभर पाणी गुरुजींनी स्वतः घातले. मग रांजण आतून घासला आणि उन्हात पालथा घातला.

"मी माज्या वहीत डास असं लिहिते," शिवकन्या जाताना म्हणाली. "पर कडूबाईला समजावणं माज्याच्यानं हुणार न्हाय. चुलत सासू हाय माजी."

तेवढ्यात शौनकचा फोन वाजला. त्याची आई होती. तो रेंजसाठी कोपऱ्यात गेला, पण आवाज सगळ्यांना येत होता.

"हो आई... हो. तू म्हणतेस तेच आहे." तो खाली मान घालून पालथ्या रांजणाकडे बघत होता. "देवीच आहेत. नाही, नाही म्हणत नाही... किती दिवस हलायचं नाही म्हणालीस? नऊ? बरं, नऊ. ऑफिसचं करतो इथूनच."

श्रिया आत जाऊन बॅगेतले कपडे परत काढू लागली. गुरुजी तक्त्यापुढे उभे राहिले. चार चौकोन उरले होते. त्यांनी पट्टी घेऊन खाली नवी ओळ आखायला घेतली.

दुपारी शौनक अंगणात बाजेवर मोठी मच्छरदाणी टांगून आत लॅपटॉप घेऊन बसला. फाटकातून जाणारे येणारे हात जोडत. कडूबाईंनी कट्ट्यावर दहीभात ठेवला आणि तो संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"लोणचं मिळेल का थोडं?" शौनकने विचारले.

"न्हाय," कडूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी शौनकच्या लक्षात आले की दारावरचा डहाळा उन्हाने वाळून चुरगळला आहे. त्याने परसातून ताजा तोडून आणला आणि स्टुलावर चढला. गुरुजींनी खालून स्टूल धरले.

"इथं बरा आहे का, अप्पा?"

गुरुजींनी दोन पावले मागे जाऊन पाहिले, फाटकाकडे पाहिले, पुन्हा डहाळ्याकडे पाहिले.

"थोडा पुढं घ्या," ते म्हणाले. "रस्त्यावरून दिसला पाहिजे."