डाव्या चाकाची चकती

मेहुण्याच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र येऊन चार महिने झाले होते. विचारलेलं अगदी थोडं होतं. दुधाच्या पिकअपच्या पुढच्या चाकांचे दोन्ही हब गेलेत, नवे कुठले बसवू, ऑटोमॅटिक की हातानं फिरवायचे? खाली लिहिलं होतं, 'फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता. तुम्ही वाचलेलं असतं म्हणून विचारतो. सावकाश कळवा.'

त्यातला 'सावकाश' हा शब्द ग्रंथपालांनी मनावर घेतला.

एकतीस वर्षं त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं होतं. स्वतः सायकलीच्या पुढं गेले नव्हते, पण गाडीच्या पोटात काय असतं ते त्यांना पानांच्या क्रमांकासकट सांगता येई. आजवर त्यांना कुणी पुस्तक कुठं आहे एवढंच विचारलं होतं. त्यांचं मत विचारणारा मेहुणा हा पहिलाच माणूस, आणि म्हणून ते चुकून चालणार नव्हतं.

प्रश्न तसा सोपा होता. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं एरवी नुसती घरंगळत असतात. हब लॉक केले की ती इंजिनाला जोडली जातात आणि चिखलातून गाडी ओढून काढतात. हातानं फिरवायच्या हबाला चाकाच्या मधोमध एक चकती असते. गाडीतून उतरायचं, दोन्ही चाकांवरच्या चकत्या 'फ्री'वरून 'लॉक'वर न्यायच्या आणि वर चढून गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा. एक जरी चकती 'फ्री'वर राहिली तरी पुढचं एकही चाक ओढत नाही. ऑटोमॅटिकला उतरावं लागत नाही. दांडा ओढून गाडी पुढं गेली की ते आपोआप धरतात, मात्र सोडवायचे तर गाडी थांबवून थोडी मागं घ्यावी लागते.

ग्रंथपालांनी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानांवर ऑटोमॅटिकचे गुणदोष, उजव्या पानांवर हाताच्या हबांचे. दोन महिन्यांनी उजवी बाजू जड भरली. तेव्हा त्यांना शंका आली की, आपण उजव्या हातानं लिहितो म्हणून तर उजव्या बाजूला जास्त लिहिलं गेलं नसेल? त्यांनी दुसरी वही आणली आणि बाजू बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"एवढ्यात त्यानं बैलगाडी घेतली असती," बायको म्हणाली. "लग्नाला होकार द्यायलाही सात महिने लावले होतेत."

"पण तो निर्णय बरोबर ठरला ना?"

"तेच बघतेय अजून."

शेवटी मेहुणा वाट बघून थकला. त्याचा शाळेपासूनचा मित्र गाड्या दुरुस्त करायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रीनं त्याला हाताचे हब बसवून दिले आणि सांगितलं, पंधरा दिवस वापरून बघ, नाही पटले तर काढून घेतो आणि ऑटोमॅटिक घालतो. आपण कळवायच्या आतच बसवले, हे ऐकून ग्रंथपालांना सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाजही वाटली. चौदाव्या दिवशी बायकोबरोबर ते मेहुण्याकडं राहायला गेले, तेव्हा पिशवीत दोन्ही वह्या होत्या.

मेहुणा रोज सकाळी रिकामे कॅन घेऊन डोंगरावरच्या वस्तीत जाई आणि भरलेले कॅन घेऊन नऊच्या आत डेअरीत उतरवी. दुसऱ्या दिवशी ताई आणि भाऊजीही बरोबर निघाले. मेहुणा स्टिअरिंगवर, मध्ये ताई, डाव्या खिडकीशी भाऊजी. चढाच्या पायथ्याशी मेहुण्यानं गाडी थांबवली आणि मागचा दोर आवळायला तो खाली उतरला.

ग्रंथपाल सावरून बसले. पायथा, चढ, थांबलेली गाडी. पहिल्या वहीचं बारावं पान. आता चकत्या फिरवायच्या. तो मागं दोराशी झटतोय, आपण निदान आपल्या बाजूची तरी फिरवावी. पत्राचं उत्तर नाही तर नाही, एवढं तरी हातून घडावं. ते उतरले, चाकापाशी वाकले, चकतीवरचा चिखल अंगठ्यानं थोडा पुसला आणि ती फिरवली. आतून 'खट्' असा आवाज आला. एकतीस वर्षांत इतका समाधानाचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. सांगितलं तर मिरवल्यासारखं होईल, म्हणून ते काही न बोलता जागेवर येऊन बसले.

मेहुण्यानं दोन्ही चकत्या पहाटे अंगणातच लॉक करून ठेवल्या होत्या, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चष्मा खिशात होता. भेळ बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणाऱ्या या माणसानं चकतीवरचा तेवढा एक शब्द वाचला नाही.

वरच्या वळणावर झऱ्याचं पाणी रस्त्यावर येऊन गाळ झाला होता. मेहुण्यानं बेफिकीरपणे दांडा ओढला आणि गाडी गाळात घातली. मागची चाकं गरगर फिरली, पुढची ढिम्म राहिली. पुढं-मागं करून पाहिलं तशी गाडी डावीकडं कलंडली आणि डावं चाक मधोमधपर्यंत रुतलं. मेहुण्यानं उतरून उजवी चकती पाहिली. ती 'लॉक'वर होती. डावी गाळाखाली होती, आणि ती बघायची गरजच नव्हती. दोन्ही त्यानं स्वतःच्या हातानं फिरवल्या होत्या.

ट्रॅक्टर यायला दोन तास लागले. वस्तीतलं दूध उन्हात नासलं. डेअरीच्या साहेबांनी फोनवर शांतपणे सांगितलं की, असंच होणार असेल तर ही फेरी दुसऱ्या कुणाला देता येईल. घरी आल्यावर मेहुणा एकच वाक्य बोलला. मिस्त्रीनं आपल्याला फसवलं.

मेहुण्याला जेवढी मदत करता येईल तेवढी करावी म्हणून ग्रंथपालांनी दुपारी गाडी धुवायला घेतली. डाव्या चाकावरचा गाळ वाहून गेला, चकती चकचकीत दिसायला लागली. चष्मा आता डोळ्यांवर होता. बाण 'फ्री'वर होता.

पाण्याची नळी हातात तशीच चालू राहिली आणि त्यांच्या चपला भिजल्या. मग त्यांनी आयुष्यातलं पहिलं झटपट काम केलं. इकडंतिकडं बघून चकती 'लॉक'वर फिरवली.

'खट्' आवाज तोच होता, पण समाधानाचा नव्हता.

तासाभरानं मिस्त्री आला. त्यानं दोन्ही चकत्या पाहिल्या. लॉक. त्यानं अंगणात गोणपाट पसरलं, दोन्ही चाकं उतरवली, दोन्ही हब उकलले, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला आणि ओळीनं मांडला. एकही दात झिजलेला नव्हता. पुन्हा जोडून, गाडी जॅकवर घेऊन फिरवून पाहिलं. चारही चाकं आज्ञाधारक मुलांसारखी फिरली. जे बिघडलंच नाही ते त्याला सापडेना, आणि कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"माल चोख आहे," तो म्हणाला.

"मग ओढली का नाही?"

"तू लॉक केले होतेस का?"

"पहाटे. माझ्या हातानं. दोन्ही. आत्ता तूच बघितलेस ना?"

"मग तुमच्या दोघांतलं खोटं कोण बोलतंय? तू की चाक?"

"चाकाला तोंड नाही, म्हणून तुझं फावतंय."

पुढचं बोलणं शाळेपर्यंत मागं गेलं. गणिताच्या पेपरात कुणी कुणाचं बघून लिहिलं होतं, कुणाच्या लग्नात कुणी उशिरा आलं होतं, सगळं निघालं. ग्रंथपाल दारात उभे होते. त्यांनी घसा खाकरला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुम्ही आत बसा, तुम्हाला याचा त्रास नको. ते आत बसले, उठले, पुन्हा आले आणि म्हणाले, "मला थोडं सांगायचंय."

दोघंही त्यांच्याकडं वळले. मिस्त्रीनं तर हात पुसले. शिकलेला माणूस बोलणार होता.

पण ग्रंथपालांना कुठलीही गोष्ट पहिल्या पानापासूनच सुरू करता येत असे. त्यांनी हब मुळात का निघाले तिथून सुरुवात केली. पूर्वी पुढची चाकं सदैव जोडलेली असत, त्यामुळं टायर झिजत, पेट्रोल जास्त जाई. मग कुणाला तरी ती सुटी करायची कल्पना सुचली. आजच्या सकाळपर्यंत यायला साधारण चाळीस मिनिटं लागली असती. दहाव्या मिनिटाला मिस्त्रीनं पेटी उचलली.

"साहेबांचं बरोबर आहे," तो मेहुण्याला म्हणाला. "दोष हाताच्या हबांच्या मुळातच असणार. शनिवारी ऑटोमॅटिक आणतो, बसवून देतो. त्यानंतर दुसरा मिस्त्री बघ. तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी खोटं म्हटलं नव्हतं."

त्याचा एक पाना गोणपाटावर राहिला. तो घ्यायलाही तो मागं वळला नाही. मेहुण्यानं पाना उचलला, पुसला आणि कुठं ठेवावा ते न कळल्यासारखा बराच वेळ हातात धरून बसला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल घरी परतले. दोन्ही वह्या काढून बसले आणि दुसऱ्या वहीच्या एकसष्टाव्या पानावर आपल्याच अक्षरात लिहिलेलं त्यांना दिसलं, की गाळात रुतलेली गाडी पुढं-मागं करताना ऑटोमॅटिक हब मधेच सुटू शकतात, तिथं हाताचेच भरवशाचे. म्हणजे त्या वळणासाठी मिस्त्रीनं बसवले तेच बरोबर होते. ते काढून टाकले जाणार होते, तेही एका जन्माच्या दोस्तीसकट, आणि याचं कारण जगात फक्त एका माणसाला माहीत होतं.

"फोन करा," बायको म्हणाली. कशाबद्दल, ते तिनं विचारलं नाही.

त्यांनी मंगळवारी फोन केला. मेहुणा घाईत होता. भाऊजी, ऑटोमॅटिकच घालावेत ना आता, त्यानं विचारलं. ग्रंथपालांनी सगळं वाक्य मनात जुळवलं, कर्ता, कर्म, क्रियापद. पण ते बोलायच्या आधीच तोंडातून सवयीनं "हं" बाहेर पडलं.

"झालं तर मग," मेहुणा म्हणाला. "तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मिस्त्रीलाही तसं कळवतो." आणि त्यानं फोन ठेवला.

चार महिने वाट पाहायला लावलेलं उत्तर एका अक्षरात गेलं होतं, आणि तेही उलटं. ग्रंथपाल दिवसभर रिसीव्हरकडं बघत बसले. पुन्हा फोन केला असता तर पुन्हा हं निघालं असतं, याची त्यांना खात्री होती. खात्री वाटावी अशी तेवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती.

बुधवारी सकाळी त्यांनी कागद घेतला. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला आणि त्यात कबुली दहाव्या पानावर, तीही कंसात आली. दुसरा चार पानांचा. तिसऱ्यात 'हातून अनवधान घडले' असं लिहून त्यांनी खोडलं, कारण हातून घडलं म्हणजे जणू हात कुणा दुसऱ्याचा होता. पंधरा-वीस कागद चुरगळल्यावर जे उरलं ते पोस्टकार्डावर मावलं:

'डावी चकती चढाखाली मी फिरवली. तू आधीच लॉक केली होतीस, मी ती फ्री केली. नंतर गुपचूप परत फिरवली. मिस्त्रीचा माल चोख आहे आणि तोही. फोनवरचं हं हे उत्तर नव्हतं. हाताचेच हब ठेव. हे कार्ड मिस्त्रीला वाचायला दे. पुढच्या वेळी मी मागं कॅनपाशी बसेन.'

कार्ड त्यांनी बायकोपुढं ठेवलं. तिनं ते वाचलं आणि चष्मा काढला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी मधे बसले होते ना. तुम्ही चाकापाशी वाकलेले खिडकीतून दिसत होतात."

"मग तिथंच बोलली का नाहीस?"

"मला काय ठाऊक, चकती कुठल्या बाजूला फिरवायची असते? म्हटलं, तुम्ही दोन वह्या लिहिल्यात. तुमचं बरोबरच असणार."

सदतीस वर्षांत तिनं त्यांच्यावर ठेवलेला हा एवढा मोठा विश्वास, आणि तो नेमका या वेळी ठेवायचा होता.

"आणि नंतर? भांडण चाललं होतं तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही सांगायला उठला होतात. दोनदा उठलात. तुमचं तुम्हीच सांगावं असं वाटलं." तिनं कार्ड त्यांच्या हातात दिलं. "चला. शनिवारच्या आत पोचायला हवं. मी येते बरोबर, नाहीतर वाटेत सातवा मसुदा सुचेल."

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. ग्रंथपालांनी कार्ड फटीत अर्धं सरकवलं आणि थांबले. बायको काहीतरी बोलणार होती, पण ते खिशात चष्मा चाचपत होते. चष्मा लावून, वाकून, त्यांनी पेटीवर छापलेलं सगळं वाचलं. टपाल काढण्याची वेळ, सुट्टीचे वार, पेटीचा क्रमांक, आणि कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं एक नावसुद्धा.

"झालं वाचून?"

"झालं," ते म्हणाले, आणि कार्ड सोडून दिलं.