डेडस्टॉक नंबर एकशे सतरा

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाचे प्रमुख डॉ. विजयसिंह सरनोबत यांनी ऑगस्टमधल्या खरेदी समितीच्या बैठकीत, कोणी विचारले नसताना, जाहीर केले की मेमरी कार्ड रीडर कोणता घ्यावा हे या शहरात फक्त त्यांना कळते. प्राचार्यांनी मान डोलावली. न कळलेल्या विषयावर मान डोलावण्याचा प्राचार्यांचा अनुभव दांडगा होता आणि त्याच अनुभवावर ते प्राचार्य झाले होते.

गरज मात्र खरी होती. शिवाजी पेठेतल्या एका तालमीत लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात तालमीचा शंभर वर्षांचा पत्रव्यवहार आहे, बहुतेक मोडी लिपीतला. ही ट्रंक वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, हत्यारांच्या शेजारी पूजेला मांडतात. दुपारी एकला पूजा संपली की उघडतात आणि दिवेलागणीला कुलूप घालतात. सरनोबतसरांनी तीन वर्षे खेटे घालून त्या पाच तासांची परवानगी मिळवली होती. पाच तासांत तीन हजार पाने टिपायची होती. कॉलेजने घेऊन दिलेली कार्डे दोनच, आणि एका कार्डावर मावतात चारशे पाने. म्हणजे एक भरेपर्यंत दुसरे लॅपटॉपवर रिते व्हायला हवे. कॅमेऱ्याला केबल जोडण्याची जागा निकामी होऊन दोन वर्षे झाली होती. सगळी भिस्त रीडर नावाच्या काडेपेटीएवढ्या वस्तूवर. तिच्या तोंडात कार्ड खुपसायचे की फोटो लॅपटॉपवर उतरतात.

शिवाय कोजागरीला या तीन हजार पानांच्या 'डिजिटल दफ्तरा'चे उद्घाटन होते, आणि सरांनी निमंत्रणपत्रिका छापूनही टाकल्या होत्या. दफ्तरातले एकही पान हाती नसताना पत्रिकेवर स्वतःचे नाव तीनदा छापून घेणे, याला आमच्या विद्यापीठीय जगात नियोजन म्हणतात.

पुढचे पाच आठवडे सरांनी असे वाचन केले की, नऊ-नऊ वर्षे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांना सर वाचतात ही बातमी प्रथमच कळली. बाजारातल्या एकवीस रीडरांचा त्यांनी चौदा रकान्यांचा तक्ता केला. सलग तासभर चालवल्यावर कोणता तापतो, तापला की कोणाचा वेग पडतो, कोणाची केबल आखूड, हे सारे त्यांना मुखोद्गत झाले. असा तक्ता त्यांनी आयुष्यात एखाद्या ऐतिहासिक साधनाचा केला नव्हता.

समितीने मात्र तक्त्याकडे पाहिलेच नाही.

"वेगवान म्हणजे किती वेगवान?" वाणिज्याच्या प्राध्यापकांनी विचारले.

"भरलेलं कार्ड तीन मिनिटांत रिकामं."

"आणि आपला जुना किती घेतो?"

"पन्नास मिनिटं."

"म्हणजे चालू आहे," प्राचार्य म्हणाले. "चालू वस्तू असताना दुसरी कशी घ्यायची, सरनोबत?"

जुना रीडर त्याच संध्याकाळी सरांच्या हातून जिन्यावरून पडला. इतिहासाच्या अभ्यासकाने इतिहास घडवल्याचे हे त्या विभागातले एकमेव उदाहरण.

मग सर सार्थककडे गेले. सार्थकचा स्टुडिओ आहे आणि फोटोग्राफरांना लागणारे सामानही तो विकतो. चौदा रकाने ऐकून तो म्हणाला, "सर, फोटोग्राफर माणूस एवढा इचार लग्न ठरवतानाबी करत न्हाय. रीडर ऱ्हाऊदे. आदी तुमचं कार्ड दावा. लॅपटॉप दावा. रीडर घोड्यावानी पळणारा घेतलासा आन् केबल मोबाईल चार्जिंगची लावलासा, तर काय उपेग हाय?"

त्याने कार्ड पाहिले, लॅपटॉपचे पोर्ट पाहिले, योग्य केबल काढली आणि तक्त्यात पहिला आलेलाच रीडर पुढे ठेवला. भरलेले कार्ड दोन मिनिटे पन्नास सेकंदांत उतरले. सरांनी चष्मा काढून पुसला.

"कोटेशनं तीन लागत्याल न्हवं?" सार्थकने विचारले आणि खणातून तीन लेटरहेड काढली. एक स्वतःचे, एक मेव्हण्याचे, आणि एक महापुरात कायमचे बंद पडलेल्या दुकानाचे. तिन्ही त्याने एकाच पेनाने भरली. समितीने त्यांचा तौलनिक अभ्यास करून सार्थकची निवड केली आणि पारदर्शकतेबद्दल स्वतःचे अभिनंदन केले.

रीडर खंडेनवमीच्या दोन दिवस आधी कॉलेजात आला आणि पिराजींच्या टेबलावर थांबला. पिराजी हे कार्यालयाचे अधीक्षक. कोणतीही वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढून तिच्यावर नंबर पडल्याशिवाय ती पिराजींच्या दारातून बाहेर पडत नसे. तो नंबर ते स्वतः, पांढऱ्या ऑइलपेंटने, वळणदार अक्षरात घालत. खुर्च्या, कपाटे, घंटा, जीवशास्त्राचा सांगाडा, कोणी सुटले नव्हते. संस्थापकांच्या पुतळ्यालाही मानेमागे नंबर होता.

"पिराजी, एवढीशी वस्तू आहे. चिठ्ठी चिकटवा."

"चिट्टी निगती, सर. ऑडिटवाल्यानं इच्यारलं तर? नंबर न्हाय म्हंजे वस्तूच न्हाय."

"परवा मला तालमीत न्यायचा आहे."

"उद्या सांजच्याला घिऊन जावा की. जागा बारकी हाय, बसवाय येळ लागंल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिराजींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली पुडी सरांच्या हाती दिली. "सकाळपातूर उघडू नगासा," एवढेच ते म्हणाले. सरांना वाटले, नवमीच्या आधी नव्या हत्याराला हात लावू नये असा काही भाव असावा. अधीक्षकांच्याही ठायी परंपरेची जाण आहे, या विचाराने ते सुखावले.

खंडेनवमीला ते साडेबारालाच तालमीत हजर झाले. तालमीचे प्रमुख बाबासो यांनी दारातच त्यांचा मोबाईल काढून घेतला आणि खिडकीत ठेवला.

"वाईट वाटून घिऊ नगा, सर. गेल्या साली एकानं ट्रंकेचं स्टेटस ठेवलं. खालच्या तालमीत रातीपातूर बोभाटा. आत मोबाईल बंद. तुमचा कॅमेरा चालतोय, त्यो स्टेटस ठेवत न्हाय."

एकला ट्रंक उघडली. पाने उलटायला बाबासोंनी राजवीर नावाचा पैलवान दिला. त्याच्या बोटांची जाडी मक्याच्या कणसाएवढी, पण जुना कागद तो असा उलटत होता की सरांनाही नवल वाटले. पंचवीस मिनिटांत चारशे पाने झाली. पहिले कार्ड भरले. सरांनी दुसरे कार्ड बाजूला काढून ठेवले, आधी रीडरचा चमत्कार मंडळींना दाखवावा म्हणून, आणि पुडीचा दोरा सोडला.

कागद निघेना. ओढला तसा अर्धा फाटून आला आणि अर्धा रीडरलाच चिकटून राहिला. गुळाच्या सौद्याची बातमी त्याच्या पाठीवर उलटी उमटली होती. तिच्याखालून पिराजींचे वळणदार अक्षर दिसत होते. महाविद्यालयाच्या नावापासून त्यांनी सुरुवात केली होती. विभाग वरच्या बाजूला आला होता, वर्ष कडेने वळून खाली गेले होते, आणि उरलेला एकशे सतरा, दुसरी जागाच न राहिल्याने, नेमका कार्डाच्या तोंडावर बसला होता. पिराजींचा ब्रश सढळ होता. रंग आतपर्यंत गेला होता आणि अजून ओला होता.

या क्षणी अडाणी माणूस थांबला असता. सरांनी टाचणीने रंग उकरला आणि भरलेले कार्ड आत लोटले. ते अर्ध्यावर जाऊन थांबले. पुढे जाईना, मागे येईना.

"द्या हिकडं, सर," राजवीर म्हणाला.

"हळू हं."

"हळूच की."

अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला. राजवीरने चिमटीतला तुकडा उजेडात धरून पाहिला.

"निम्मं निघालं," तो समाधानाने म्हणाला.

सर उठले, खिडकीतला मोबाईल घेऊन रस्त्यावर गेले आणि सार्थकला फोन लावला.

"सार्थक, जो असेल तो एक रीडर पाठव. आत्ता."

"सर, आज खंडेनवमी. स्टुडिओतली समदी हत्यारं पूजेत मांडल्यात. कॅमेरं, लायटी, रीडर, समदं. उद्यापातूर हात लावायचा न्हाय."

"एक उचल. कोण बघतंय?"

"रीडरवर लिंबू ठेवलंय, सर. आन् म्होरं आई बसलीया."

"अरे, हे सगळं थोतांड आहे."

"तुमी इतिहासाचं सर न्हवं?" सार्थकच्या आवाजात खरोखरीचे दुःख होते. "तुमास्नी म्या सांगायचं व्हय?"

त्यांनी शहरातल्या आणखी चार फोटोग्राफरांना फोन केले. चौघांची हत्यारे पाटावर होती. परवानगीसाठी तीन वर्षे ज्या परंपरेचे त्यांनी भरभरून गुणगान केले होते, ती आज गावभर एकजुटीने पाळली जात होती.

सर आत आले तेव्हा अडीच वाजले होते. पहिली चारशे पाने तुटलेल्या कार्डाबरोबर गेली होती. हातात एकच कोरे कार्ड, चारशे जागा, समोर तीन हजार पाने. म्हणजे निवडायला हवी. निवडायची तर आधी वाचायला हवीत.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. सरनोबतसरांनी पंधरा वर्षांत जिल्हाभरची चाळीस हजार पाने टिपून कॉलेजच्या कपाटात सुरक्षित ठेवली होती, आणि त्यांतले एकही वाचले नव्हते. वाचणे हे पुढच्या पिढीचे काम, असे ते चर्चासत्रांत सांगत. मोडीची परीक्षा त्यांनी सव्विसाव्या वर्षी दिली होती. तिचे प्रमाणपत्र दिवाणखान्यात चौकटीत होते.

त्यांनी पहिला कागद उचलला. पहिलीतल्या पोरासारखे अक्षरावर बोट ठेवून ते वाचू लागले, आणि बोट पुढे सरकायला फार वेळ लागत होता.

"काय लिवलंय?" बाबासो शेजारी येऊन बसले.

"तक्रार आहे. थंडाईसाठी आणलेले... बदाम... कमी भरले. संशय..." सर अडखळले. नाव दोनदा वाचले. "संशय ज्ञानू यांच्यावर."

"कुठला ज्ञानू?"

"ज्ञानू... बिन... राणोजी."

बाबासोंनी पागोटे सारखे केले.

"त्यो आमचा आज्जा," ते म्हणाले. "म्होरं वाचा."

पुढच्या कागदात ज्ञानूंचा खुलासा होता. त्याच्या पुढच्यात खुलाशावरची हरकत. सरांनी कॅमेऱ्याकडे हात नेला की बाबासो त्यांचे मनगट धरत. "फोटू मागनं काढा. आज्ज्यानं बदाम खाल्लं का न्हाय तेवढं सांगा." राजवीर आणि त्याचे सोबती मांडी घालून बसले. कोणी ज्ञानूंच्या बाजूने बोलले, कोणी विरुद्ध. एकाने तर ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या बदामांसाठी बाह्या वर केल्या. सर घाम पुसत, एकेक ओळ सोडवत राहिले. पत्रिकेवरची कोजागरी मधूनमधून त्यांच्या डोळ्यांपुढे येई, आणि लगेच बाबासोंचा कोपर बरगडीत बसे.

सहाला बाबासोंनी दिवा लावला, नमस्कार केला आणि ट्रंकेचे झाकण मिटले. कोरे कार्ड कोरेच राहिले होते.

"किती झालं, सर?"

"अकरा पानं."

"आन् आज्ज्याचा निकाल?"

"अजून साक्षीदारच चाललेत."

बाबासोंनी कुलूप ओढून पाहिले. सरांना, निदान एवढ्या गाजावाजानंतर, काहीतरी विद्वत्तापूर्ण बोलणे आवश्यक वाटले.

"बाबासो, वर्षातून एकच दिवस, आणि दिवसाला अकरा पानं," ते म्हणाले. "या हिशेबानं ट्रंक वाचून व्हायला दोनशे सत्तर वर्षं लागतील."

बाबासोंनी थोडा विचार केला.

"मग पुढल्या साली जरा लौकर या," ते म्हणाले. "जेवायलाच या."