आक्कांचा ऊस

जंतुनाशक कार्बोलिकचा उग्र दर्प आणि त्याच्या आडून येणारा उसाचा ओला गोडवा, हे दोन वास एकत्र आले की पिंप्राळ्यातले आमचे शेजारी नाना आठवतात. नाना वानरांची थुंकी गोळा करीत.

धुळ्याच्या एका दवाखान्यात त्यांनी उभी नोकरी क्षयरोग्यांची थुंकी तपासण्यात घालवली होती. निवृत्त होऊन जळगावला, आमच्या पिंप्राळ्यात आले, ते एक जुना सूक्ष्मदर्शक आणि एक सिद्धान्त घेऊन : "थुंकी खोटं बोलत नाही." कुणी नवी स्कूटर दाखवायला आला, तरी नाना आधी त्याचा खोकला ऐकत.

ज्या वर्षी आमच्या कॉलनीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्याच वर्षी जवळच्या असोदा गावातल्या केळीबागांत वानरांची टोळी उतरली. तिच्यातली एक म्हातारी वानरीण खोकत असे. बागेचे मालक सोपानभाऊ यांनी निकाल देऊन टाकला : माकडांना टीबी आहे, सोमवारी जाळीवाला येऊन सगळी टोळी उचलेल. नानांनी चार दिवसांची मुदत मागितली.

"जनावराला हात लावायचा नाही. सुई नाही, जाळं नाही. पाहुण्यासारखं बोलवायचं, ऊस द्यायचा, आणि मागं राहील ते उचलायचं."

रोज सकाळी नाना बांधावर सोललेल्या कांड्या मांडत. वानरे चघळून चोथा टाकत. तो चिमट्याने उचलून नाना फोटो स्टुडिओतून मागून आणलेल्या फिल्मच्या रिकाम्या डब्यांत भरत आणि डबीवर सुवाच्य अक्षरांत नाव लिहीत : 'जहागीरदार', 'नवी सून'. खोकणारी म्हातारी 'मोठ्या आक्का'. तिला ते अहो-जाहो करीत.

सोपानभाऊ बांधावर तंबाखू चघळत बसत आणि हसत. हसता हसता त्यांना ठसका लागे.

"माकडाले टीबी झाला का नाही ते मले माहीत नाही, नाना. पन तुमाले याड लागलं भो!"

रविवारी नानांच्या ओट्यावर स्पिरिटच्या दिव्याची निळी जीभ काचपट्ट्या चाटू लागली. लाल रंग चढला, धुतला गेला, वर निळा आला. एकेक डबी निर्दोष सुटत होती. शेवटी आक्कांची पट्टी. निळ्या आभाळात बारीक लाल काड्या, क्षयाचे जंतू.

"आक्का गेल्या," असे म्हणून नानांनी दिवा विझवला.

मी मदतीला बसले होते; आक्कांच्या डबीत उरलेला चोथा नाकाशी नेला. वासावाचून कोणतीही गोष्ट मला खरी वाटत नाही.

"नाना, आक्का तंबाखू खातात का हो?"

नाना उठले आणि भर उन्हात सायकलने असोद्याला गेले.

"आक्काच्या उसातली एकच कांडी खाल्ली मी भो!" सोपानभाऊ म्हणाले. "माकडीनीचा काय एवढा मान?"

नाना हसले नाहीत. त्यांनी सोपानभाऊंचा हात धरला, तो दवाखान्याच्या बाकावर बसेपर्यंत सोडला नाही. आक्कांचा ताजा चोथा पुन्हा तपासला, निळाशार. जाळीवाला रिकाम्या हाताने परतला. औषधाने सोपानभाऊ पुढे सुधारले आणि आक्कांसाठी स्वतःच बांधावर ऊस ठेवू लागले.

मी मात्र तो चोथा नाकाशी नेला होता. पावसाळा सरता सरता मला खोकला धरला. नानांची पावले वाजली की मी तो पदरात दाबी. एका संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले.

"तुझी काकूही असाच तोंडाला पदर धरायची," ते म्हणाले. "दिवसभर मी गावाची थुंकी बघायचो. घरच्या माणसाला असलं कसं सांगावं, म्हणून लाजलो. विचारलं तेव्हा फार उशीर झाला होता."

त्यांनी खिशातून एक डबी काढली. तिच्यावर त्याच सुवाच्य अक्षरांत माझे नाव होते. डबी पुढे करून, कित्येक वर्षे घशात अडकलेला शब्द ओठांवर आणावा तसे नाना म्हणाले :

"थुंक."