गिधाडपंतांनी जपलेली टेकडी

एका जंगलात एक उघडीबोडकी टेकडी होती, बाळांनो. तिच्या उतारावर मातीचे बांध होते, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. इतके जुने, की ते कुणी घातले हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या बांधांमधल्या पट्ट्यांत तुळसा नावाची सायाळ वरी पेरत असे. पावसाळ्यात माती खाली वाहून येई. उन्हाळ्यात तुळसा ती टोपलीत भरून पुन्हा वर नेई आणि बांधावर थापी. तिच्या आईनेही जन्मभर हेच केलं होतं. त्या वरीवरच तुळसाची पिल्लं वाढत होती.

तुळसाला एकच खोड होती. मिरवायची.

एकदा दरबारातले गिधाडपंत टेकडीवर उतरले. जुन्या गोष्टींचे ते मोठे जाणकार. जिवंत गोष्टीत त्यांना मुळी चवच लागत नसे.

"पंत, हे बांध आमच्या खापरपणजीच्याही आधीचे बरं का!" तुळसा काटे फुलवून म्हणाली.

पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय सांगता! मग त्यांवर पाय कसे देता हो, बाई?"

दुसऱ्याच दिवशी टेकडीला कुंपण पडलं. खांब रोवायला बांधच खणले, कारण माती तिथेच मऊ होती. वर पाटी लागली: 'प्राचीन शेती. येथे शेती करण्यास सक्त मनाई आहे.'

तुळसा धावत आली. "अहो, मी माती वर नेली नाही तर बांध वाहून जातील!"

"जाऊ द्या की. वाहून जाणंही प्राचीनच आहे. तुमची यंदाची माती मात्र नवी. ती चालायची नाही."

"आणि माझी पोरं खातील काय?"

"त्यांना इथे प्रवेश फुकट!" पंत उदारपणे म्हणाले.

पावसाळा आला आणि बांध गेले. जंगलाचा राजा वाघ टेकडी पाहायला आला, तेव्हा पाटी तेवढी उभी होती. ती वाचून महाराज गहिवरले. पंतांना शाल मिळाली.

तुळसा उपाशी पिल्लांना घेऊन पलीकडच्या डोंगरावर गेली. तिथेही गवतात दडलेले जुने बांध होते. तिने पेरणी केली, माती थापली. वरी चांगली गुडघाभर झाली, आणि आभाळात घिरट्या सुरू झाल्या.

पंत शाल सावरत उतरले. "बाई, हे बांध कधीचे?"

तुळसाचे काटे फुलू लागले होते. तिने ते दाबून धरले.

"कसले बांध, पंत? कचरा आहे हा. कालच टाकलाय."

पंत नाक मुरडून उडून गेले. ते बांध अजून आहेत म्हणे. कुठे, ते मी सांगणार नाही.

तात्पर्य : पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा, पण जाणकार जवळपास असतील तर आपल्याला पूर्वज नव्हतेच असं सांगावं.